सोपानरावांचा फोटो

गोजाबाई: …आन् मी म्हनते, नुसता फोन पुसत काय बसलाय? लावा की.

मारुतराव: लावतो. काच धुरकटलीय.

गोजाबाई: काच लख्ख हाय. धोतराचा सोगा मळला पुसून पुसून.

मारुतराव: मंजुळा आता पडली आसंल जरा. पॉझिटिव्ह मानसानं आराम करायचा आसतो, डॉक्टरच सांगत्यात.

गोजाबाई: आराम? सकाळी तुमच्या भनीच्या नवऱ्याला तुमी श्रद्धांजली वाहिली, आन् ती आराम करंल?

मारुतराव: हळू बोल. वर रोहिदास हाय. सूनबाई ऐकंल.

गोजाबाई: ऐकायचं काय ऱ्हायलंय? समद्या भावकीनं वाचलंय.

मारुतराव: वाचलं नसंल. मी लगीच काढून टाकला. हे बघ. हाय का कुठं? न्हाई.

गोजाबाई: तुमच्या फोनातनं काढला. मघाशी तळेगावावरनं तेजस्विनीचा फोन आला, तवा नात काय म्हनली? “आजी, आबांनी तो मेसेज फक्त स्वतःपुरता डिलीट केलाय. बाकी सगळ्यांच्या फोनात तसाच आहे.” म्हंजी केर गावभर उडाला, आन् तुमी आपली ओसरी झाडून बसला.

मारुतराव: तरीच. मी म्हनतोय, मेसेज गेला तर खालचं हात जोडलेलं कसं दिसत्यात अजून.

गोजाबाई: ते लोकांचं हात हायेत! तुमच्या मागनं समद्यांनी जोडलं. बबनरावानं जोडलं, दौलतरावानं जोडलं. त्यो आयटीतला पोरगा तर म्हनतोय, “काका गेले यावर विश्वास बसत नाही.” कसा बसंल? काका गेलंच न्हाईत.

मारुतराव: मला काय सपान पडलं व्हतं का? मंजुळाच्या ज्ञानेशनं सकाळी सकाळी ग्रुपवर बापाचा फोटो टाकला. कोट घातलेला, रिटायर झाले तवाचा. ह्या महिन्यात ग्रुपवर फोटो आला म्हंजी दुसरं काय आसतं, तूच सांग. परवा आळंदीच्या तात्याचा आला. तेच्या आधी चाकणच्या मास्तरचा. दुसरं कशासाठी कोन फोटो टाकतंय का सध्या?

गोजाबाई: फोटोच्या खाली लिहिलं व्हतं की. “बाबांसाठी प्लाझ्मा हवाय, कोरोना होऊन गेलेलं कुणी असेल तर कळवा.” पोरगं मदत मागत व्हतं.

मारुतराव: चष्मा खिडकीत व्हता.

गोजाबाई: चष्मा खिडकीत आन् बोट फोनवर.

मारुतराव: तेजूनंच करून दिलेलं हाय ते. “आबा, तुम्हाला टाइप करता येत नाही ना, हे घ्या, नुसतं पुढं पाठवायचं.” वर दिवा, खाली माझं नाव. शोकाकुल मारुतराव व परिवार, कुरुळी. दाबलं की जातंय.

गोजाबाई: पोरीवर ढकलू नका. पोरीनं दिवा करून दिला. जित्या मानसाच्या उशाशी लावा म्हनली न्हाई.

मारुतराव: तुला कळायचं न्हाई. आपल्या भावकीत मयत झाली की पयला मानूस कोन पोचायचा? बांबू तोडायला कोन, मडकं आनायला कोन, लोकांस्नी सांगावा धाडायला कोन? मीच ना? आता कुठं जाता येतंय? मसनवाट्यात सुदिक चार मानसं येऊ देत न्हाईत. म्हनलं, निदान मेसेज तरी थोरल्याचा पयला जावा.

गोजाबाई: गेला की पयला. मानूस जायच्या आधी तुमी पोचला.

मारुतराव: बास कर आता.

गोजाबाई: मी बास करते. ज्ञानेश काय म्हनला ते तरी सांगा. तवापासनं तोंड पाडून बसलाय.

मारुतराव: काय न्हाई म्हनला. “मामा, माझे बाबा जिवंत आहेत.” येवढंच. ठेवला फोन. शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

गोजाबाई: शिव्या द्यायला सवड कुठाय लेकराला? दवाखान्याच्या दारात उभा हाय चार दिस. आनिक वाट बघाल तर तुमची भन म्हनंल, भावाला फोन करायला सुदिक तोंड न्हाई. लावा, न्हाईतर आना हिकडं.

मारुतराव: थांब, लावतो… वाजतीय.

गोजाबाई: कानाला नका धरू. व्हिडिओ हाय.

मंजुळाबाई: हं, दादा.

मारुतराव: मंजे? दिसतोय का गं मी?

मंजुळाबाई: तुझा कान दिसतोय.

गोजाबाई: सांगितलं व्हतं! हं, आता धरा सरळ. वन्सं, मी बी हाय बरं का हिथं.

मंजुळाबाई: दिसताय वहिनी.

मारुतराव: ताप कसा हाय?

मंजुळाबाई: उतरला काल. वास नाही येत अजून कशाचा. दूध उतू जाऊन करपलं तरी कळलं नाही.

मारुतराव: आन् ते बोटाला लावायचं? किती दावतंय?

मंजुळाबाई: ठीक दाखवतंय.

मारुतराव: अंधार दिसतोय पार. दापोडीला रेंज न्हाई वाटतं.

मंजुळाबाई: रेंज आहे. खिडकी लावून घेतलीय.

गोजाबाई: अगं बाई, येवढ्या उकाड्यात?

मंजुळाबाई: गल्लीतले लोक बघतात वहिनी. समोरच्या कुसुमताईंची सून आपल्या ग्रुपवर आहे ना, बबनरावांची पुतणी ती. तिनं सकाळी सगळ्यांना सांगितलं. कुसुमताई दारात उभ्या राहून रडल्या माझ्यासाठी. चांगलं मोठ्यानं रडल्या. आमच्या दाराला म्युन्सिपाल्टीनं पट्टी मारलीय, आत कुणी येत नाही. लांबनंच बघतात आणि डोळे पुसतात. आता मी काय खिडकीतनं ओरडून सांगू, अहो, आहेत म्हणून?

मारुतराव: ते… मेसेजचं काय झालं मंजे, ते फोननं आपोआप…

मंजुळाबाई: हं.

मारुतराव: म्हंजी तेजूनं करून दिलेला व्हता, त्यो दाबला की…

गोजाबाई: अवो.

मारुतराव: …चष्मा नव्हता.

मंजुळाबाई: असू दे दादा. होतं असं.

मारुतराव: असू दे काय? बोल की. वाट्टंल ते बोल मला.

मंजुळाबाई: बोलले की खोकला येतो.

गोजाबाई: वन्सं, पदर लई पुढं घेतलाय वो. भाऊ समोर हाय, सासरा न्हाई. जरा मागं करा, तोंड तरी दिसू द्या.

मंजुळाबाई: राहू द्या वहिनी. केस विंचरले नाहीत.

गोजाबाई: आन् फोन कशाला टेकवून ठिवलाय? हात कुठंत तुमचं?

मंजुळाबाई: आहेत. मांडीवर आहेत.

गोजाबाई: वर करा.

मंजुळाबाई: वहिनी, नको ना.

गोजाबाई: करा म्हनते.

मारुतराव: काय झालं? हाताला लागलं का काय? मला न्हाई दिसत. काय दावतीय ती?

गोजाबाई: काय न्हाई दावत. हातात कायच न्हाई तिच्या.

मारुतराव: म्हंजी?

गोजाबाई: म्हंजी मोकळं हायेत हात. आन् कपाळ बी.

मारुतराव: मंजे?

मंजुळाबाई: चहाचं पाणी ठेवलं होतं रे मी. फोन वाजायला लागला, एकामागनं एक. उघडला तर वर ह्यांचा फोटो, आणि खाली तुझं नाव. दिवा. मग सगळ्यांचे हात. मला वाटलं, ज्ञानेशला माझ्याशी बोलायचा धीर झाला नसेल, म्हणून त्यानं आधी मामाला कळवलं. थोरला आहेस. तुलाच कळवणार ना.

मारुतराव: अगं पन ज्ञानेशला येक फोन तरी करायचा…

मंजुळाबाई: नाही केला.

मारुतराव: दवाखान्यात?

मंजुळाबाई: नाही केला दादा. त्याचीच तर लाज वाटतीय सकाळपासनं. ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला, तो खरंच गेला का एवढं सुद्धा विचारलं नाही मी कुणाला. तू लिहिलंस म्हणजे झालं. तू म्हणालास सातवीनंतर शाळा बास, मी दप्तर ठेवून दिलं. तू म्हणालास दापोडीचं स्थळ चांगलंय, मी मान खाली घालून उभी राहिले. आणि स्थळ चांगलंच निघालं. तुझं कधी खोटं झालंच नव्हतं रे. आता कसं होईल, असं वाटलं.

गोजाबाई: वन्सं, कुनी नव्हतं हो जवळ?

मंजुळाबाई: कोण असणार? असल्या वेळेला बायका येतात, धरून बसवतात. आपण नुसतं रडायचं, बाकीचं त्या करतात. मला माझंच करावं लागलं. उंबऱ्यापाशी बसले. एका हातातल्या फुटल्या. दुसऱ्या हातातल्या फुटेनात, तेव्हा लाटणं आणलं. कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढून देवापुढं ठेवलं. सगळं नीट केलं वहिनी, कुणी नाव ठेवू नये असं. आणि मग ज्ञानेशचा फोन आला. “आई, बाबांनी आज दोन चमचे पेज घेतली.”

मारुतराव: आई गं…

मंजुळाबाई: आनंद व्हायला पाहिजे होता ना? मी काचा गोळा करत होते. तो सांगतोय, ऑक्सिजन जरा कमी केलाय, डॉक्टर बरं बोलले. आणि मी म्हणतेय, हो का, हो का, आणि सुपलीत काचा भरतेय. त्याला नाही सांगितलं. सांगणार पण नाही. माझा पोरगा बापासाठी वणवण फिरतोय आणि आईनं घरी बसून बाप मारून टाकला, असं कुठल्या तोंडानं सांगू?

मारुतराव: तू न्हाई मारला. मी…

मंजुळाबाई: आता संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर फोन लावून देतात. रोज लावतात. ह्यांना मास्क असतो, बोलता येत नाही फारसं. नुसते हात हलवतात. मी पण हलवते. तेवढीच भेट. आज काय हलवू?

गोजाबाई: आज नका उचलू फोन. रेंज नव्हती म्हना उद्या.

मंजुळाबाई: मी पण पॉझिटिव्ह आहे वहिनी. घरात एकटी आहे. फोन उचलला नाही तर ते काय समजतील?

गोजाबाई: व्हय… ते बी हाय. मग उठा. देवापुढचं मंगळसूत्र उचला, कुंकू लावा, आन् बसा आधीसारख्या. झालं गेलं.

मंजुळाबाई: हात धजत नाही. दोनदा गेले देवापाशी. एकदा उतरवलं ते आपलं आपण कसं चढवायचं? मनात नको नको ते येतं. मी घालायला जावं आणि नेमकं तिकडं काही व्हावं. दादा, तू सांग ना. तुझ्या शब्दानं काढलं. तू म्हण, मग घालते.

मारुतराव: माझा शब्द? माझ्या शब्दाला आता कुत्रं तरी इचारंल का?

गोजाबाई: ती इचारतीय ना! ती बसलीय तिथं मोकळ्या कपाळानं, आन् तुमाला मान-अपमान सुचतोय. सांगा तिला.

मारुतराव: मंजे. आइक. सोपानराव हायेत. मी सांगतो, हायेत. मी फोटो बघितला आन् खालचं वाचलं न्हाई. चष्म्याचं काय न्हाई, उठून घेतला आसता तर दोन पावलांवर व्हता. दुसरं कुनी माझ्या आधी टाकंल, म्हनून न्हाई उठलो. पोरीनं न्हाई केलं, फोननं न्हाई केलं. मी केलं. तू घाल मंगळसूत्र. थोरला म्हनून न्हाई सांगत. चुकलो म्हनून सांगतो. घाल बाई.

मंजुळाबाई: बरं.

गोजाबाई: आमच्या समोर घाला. …हं. आन् कुंकू. अंगठ्यायेवढं नको, नेहमीसारखं लावा. संशय यील त्यांस्नी.

मंजुळाबाई: एवढं बरोबर आहे?

गोजाबाई: बरोबर हाय. ऱ्हाता ऱ्हायल्या बांगड्या.

मंजुळाबाई: त्या कुठून आणू? कासाराचं दुकान बंद. आणि उघडं असतं तरी मला बाहेर कोण सोडतंय?

गोजाबाई: रोहिदास दुपारनं कंपनीचा माल घेऊन भोसरीला चाललाय. तिथनं दापोडी कितीसं लांब? तेच्याकडं देते. तुमच्या दारात ठिवून लांब हुभा ऱ्हाईल. माझ्या हातातल्या निम्म्या काढते, घरात कोऱ्या न्हाईत.

मंजुळाबाई: वहिनी, तुमचा हात केवढासा. माझ्या मनगटात त्या चढायच्या नाहीत.

गोजाबाई: साबन लावा, आन् रडत रडत घाला. लग्नाचा चुडा भरताना कासारनीला शिव्या घातल्या व्हत्या तुमी, मी हुती तिथं. तवा चढल्या, आता बी चढतील.

मंजुळाबाई: शिव्या नव्हत्या घातल्या.

गोजाबाई: “रांडे, हात मोडशील माझा,” म्हनला व्हता. सासरचं मानूस बसलं व्हतं शेजारी.

मंजुळाबाई: हसवू नका वहिनी, खोकला येतो.

मारुतराव: मी जातो रोहिदाससंगं. मी सोता देतो तिच्या दारात.

गोजाबाई: तुमी कुठं निघाला? वय बघा. पोराच्या टेम्पोत बसून आजार घिऊन याल, मग तुमचा फोटो टाकावा लागंल. तुमचं काम हिथं हाय. वन्सं, ठिवा फोन, पडा जरा. पिशवी येती.

मंजुळाबाई: ठेवते. दादा… ठेवते.

मारुतराव: ठिव.

गोजाबाई: हं. आता ग्रुप उघडा.

मारुतराव: आज नको. उद्या बघू. तेजूला सांगतो, काय तरी चांगलं लिहून दिईल.

गोजाबाई: तेजू न्हाई लिहिणार. श्रद्धांजली तुमच्या नावानं गेली, तर हे बी तुमच्या तोंडानं जाऊ द्या. ते माईकचं चित्र हाय ना, ते दाबून धरायचं आन् बोलायचं. पोरं बोलत्यात की.

मारुतराव: भावकी काय म्हनंल गं? आजवर वाटन्या मी केल्या, भांडनं मी मिटवली. आता पोरंसोरं हसतील.

गोजाबाई: हसू द्या. तिकडं वन्सं खिडकी लावून बसल्यात. धरा.

मारुतराव: धरलं. …नमस्कार. समस्त भावकीला कळविण्यात येते की, आज सकाळी काही तांत्रिक कारणामुळे…

गोजाबाई: तांत्रिक कारन? गावची लाइट गेलीय का?

मारुतराव: मग काय म्हनू? गाढवपना झाला म्हनू?

गोजाबाई: झालाय तर म्हना.

मारुतराव: म्हनायला जीभ उचलंना, गोजे. चार मानसांत कधी चुकलो म्हनलो न्हाई मी. तुला सुदिक न्हाई म्हनलो कधी. सोपानराव जिवंत हायेत, पेज खात्यात, आन् मी भनीच्या हातातल्या बांगड्या… अगं, हे काय झालं? आवाज कसला झाला?

गोजाबाई: बोट उचललं का तुमी?

मारुतराव: घाम आला व्हता अंगठ्याला.

गोजाबाई: मग गेलं ते.

मारुतराव: कुठं गेलं?

गोजाबाई: ग्रुपवर. समदं. तांत्रिक कारन, गाढवपना, पेज, समदं.

मारुतराव: आता? काढू का? ह्या टायमाला समद्यांच्या फोनातनं जाईल आसं दाबायचं ना? ते कंचं बटन? दाव मला.

गोजाबाई: दावते. पन बघा. काढायचंय का खरंच?

मारुतराव: …बांगड्याचं नको व्हतं जायला. ते तिचं हाय. बाकी माझं जाऊ दे.

गोजाबाई: मग हे काढा, आन् दुसरं बोला. बांगड्या सोडून.

मारुतराव: कुनी ऐकलं आसंल का तवर?

गोजाबाई: येकानं ऐकलंय. दौलतरावानं. त्यो काय बोलायचा न्हाई, मी फोन करते तेच्या बायकूला.

मारुतराव: मग हो बाजूला. मधी बोलू नको. …मी मारुतराव बोलतोय, कुरुळीवरनं. सकाळी मी जे टाकलं ते खोटं हाय. सोपानराव जिवंत हायेत. मी न वाचता टाकलं. माझी चूक हाय, दुसऱ्या कुनाची न्हाई. तुमी समद्यांनी माझ्यावर इस्वास ठिवला, तो ठिवाया नको व्हता. ज्ञानेशला प्लाझ्मा पायजे, त्याचा फोटोखालचा मजकूर वाचा. आन् दापोडीला माझ्या भनीच्या घराकडं बघून रडू नका कुनी. बास.

(संध्याकाळ. तोच फोन; या वेळी पलीकडून आलेला.)

गोजाबाई: उचला, वन्संचा हाय. …पयलं हात दावा!

मंजुळाबाई: हे बघा. साबण लावूनही सोलवटलं मनगट. पण चढल्या.

गोजाबाई: शोभत्यात. माझ्यापरीस तुमालाच शोभत्यात. ठिवा त्या आता.

मारुतराव: फोन आलता का दाजींचा?

मंजुळाबाई: आत्ताच झाला. दादा, आधी एक सांगते, रागवू नकोस. त्यांनी सकाळचं सगळं वाचलंय.

मारुतराव: कुनी?

मंजुळाबाई: ह्यांनी. ज्ञानेशनं फोन आत पाठवला होता ना त्यांच्याजवळ. सकाळी जाग आली तशी फोन हातात घेतला. स्वतःचा फोटो, तुझा दिवा, लोकांचे हात. पडल्या पडल्या वाचलं सगळं.

मारुतराव: रामा.

मंजुळाबाई: आज फोन लागला तशी त्यांनी मास्क बाजूला केला. सिस्टर ओरडल्या, तरी केला. पहिला प्रश्न काय, “तू ग्रुप बघितला नाहीस ना?” दिवसभर तोच घोर लावून पडले होते वाटतं. मी म्हटलं, नाही हो. चार्जिंगच नव्हतं माझ्या फोनला, आत्ता लावलं. आणि हात हलवला, चांगला जोरात, बांगड्या वाजतील असा. साफ खोटं बोलले, दादा. पण त्यांचा चेहरा असा सैल झाला बघ.

गोजाबाई: चांगलं केलं, वन्सं.

मारुतराव: माझ्यावर… माझ्याबद्दल काय म्हनले का?

मंजुळाबाई: म्हणाले.

मारुतराव: सांग. काय बी असू दे, सांग.

मंजुळाबाई: धाप लागली होती, तरी म्हणाले. “तुझ्या भावाला फोन लाव. जेवला नसेल तो.”

गोजाबाई: अवो, फोन पाडाल.

मंजुळाबाई: दादा? दिसत नाहीयेस. फोन कुठं धरलायस? जेवलास ना रे?

गोजाबाई: न्हाई जेवलं, वन्सं. सकाळपासनं ताट झाकून ठिवलंय.